एका जगप्रसिद्ध प्रदर्शनाचा उदय आणि अस्त



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या धिम्या गाडींत मी बसलों होतों. शेजारीं आपल्याच शाळेंतील दहावीचा एक विद्यार्थी होता. तो डोंबिवलीस राहतो. मुंब्रा स्टेशन मागें पडेपर्यंत तो आपल्या मोबाईलवर कांहीं वाचीत होता. मग एकाएकीं त्यानें मला विचारिलें, "सर, ई-थ्री का बंद झालं?"

ई-थ्री म्हणजे अमेरिकेंत भरणारें व्हिडिओ गेमचें एक मोठें प्रदर्शन, एवढेंच मला ठाऊक होतें. फारसा विचार न करतां मीं उत्तर दिलें, "बंद झालं ते बरंच झालं. मुलांचा तेवढाच वेळ वाचला." यावर तो कांहीं बोलला नाहीं. दिवा गेलें, कोपर गेलें, आणि डोंबिवलीस उतरण्यासाठीं उठतांना तो इतकेंच म्हणाला, "सर, मला गेम नुसते खेळायचे नाहीत, बनवायचे आहेत. बनवले तर ते दाखवायचे कुठं?"

कल्याण येईपर्यंत तो प्रश्न माझ्या मनांतून गेला नाहीं. ज्या गोष्टीची आपणांस माहिती नाहीं तिच्यावर शिक्षकानें मत देऊन मोकळें व्हावें, हा दोष लहान म्हणतां येणार नाहीं. म्हणून पुढील कांहीं आठवडे मीं या विषयाची शक्य तितकी माहिती मिळविली, आणि तीच येथें क्रमानें मांडीत आहें. हा लेख म्हणजे त्या मुलास द्यावयाचें राहिलेलें उत्तर होय.

प्रदर्शन कशासाठीं भरतें?

आपल्या जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेस मोठी जत्रा भरते. गुरांच्या बाजाराबद्दल ती प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाजारांत काय चालतें याचें नीट निरीक्षण केलें, तर जगांतील कोणत्याहि व्यापारी प्रदर्शनाचें मर्म कळून येतें. विकणारा आपला बैल धुऊन, शिंगें रंगवून उभा करतो. घेणारा त्याचे दांत पाहतो, त्यास चालवून पाहतो, आणि रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितो. या दोघांभोंवतीं तिसरा एक मोठा समुदाय असतो. तो कांहीं विकत नाहीं व घेतहि नाहीं. परंतु कोणाचा बैल केवढ्यास गेला, यंदा कोणत्या गांवचें जनावर उत्तम निघालें, ही वार्ता तो घरोघर नेतो. विकणारा, घेणारा आणि वार्ता नेणारा, या तिघांस एकाच दिवशीं एकाच ठिकाणीं येण्याची गरज असते, तोंवर जत्रा भरते.

ई-थ्रीमध्यें हेच तिघे निराळ्या वेषांत होते. विकणारे म्हणजे खेळ बनविणाऱ्या कंपन्या. घेणारे म्हणजे खेळांचे डबे आपल्या दुकानांत मांडणारे व्यापारी. वार्ता नेणारे म्हणजे मासिकांचे व वृत्तपत्रांचे बातमीदार. हे तीन पाय ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांतील एकेक कसा निखळला तें आपणांस पाहावयाचें आहे.

त्या वेळचे आम्ही

माझ्या पिढीस व्हिडिओ गेमची ओळख झाली ती १९९० नंतरच्या दशकांत. कल्याणांत तेव्हां गल्लीबोळांतून व्हिडिओ गेमचीं दुकानें होतीं. तेथें पैसे मोजून उभ्यानें खेळावें लागे. ज्याच्या घरीं दूरचित्रवाणीस जोडावयाचें यंत्र असे, त्याच्या दारांत सुट्टीच्या दिवशीं चपलांचा ढीग पडे. त्या यंत्रांत बसवावयाच्या प्लास्टिकच्या वडीस आम्ही 'कॅसेट' म्हणत असूं, आणि ती चालेनाशी झाली कीं तिच्यांत फुंकर घालीत असूं. 'मारियो' आणि 'काँट्रा' हे खेळ आम्हांस पाठ होते. परंतु ते कोणीं बनविले, कोठें बनविले, याचा आम्हीं कधीं विचार केला नाहीं. पुढें स्टेशनावरील व्हीलरच्या स्टॉलवर इंग्रजी संगणक-मासिकें दिसूं लागलीं. त्यांच्या गुळगुळीत पानांवर लॉस एंजेलिस येथील एका भव्य मंडपाचीं चित्रें असत. विकत घेण्याइतके पैसे नसल्यामुळें आम्ही तीं उभ्या उभ्या चाळीत असूं. हे खेळ माणसें बनवितात, आणि तीं माणसें वर्षांतून एकदां एके ठिकाणीं जमतात, हें मला प्रथम त्या पानांवरून कळलें.

प्रदर्शनाचा जन्म

१९९४ पर्यंत अमेरिकेंतील खेळनिर्मात्यांस स्वतःचें असें मोठें प्रदर्शन नव्हतें. त्या देशांत वर्षांतून दोनदां, हिवाळ्यांत लास व्हेगास येथें व उन्हाळ्यांत शिकागो येथें, रेडिओ, दूरचित्रवाणी व ध्वनियंत्रें अशा वस्तूंचें प्रदर्शन भरे; त्याच्या एखाद्या कडेच्या जागेंत यांस सामावून घेत. सेगा या कंपनीचे त्या वेळचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनीं पुढें सांगितलें आहे कीं, १९९१ सालीं त्यांच्या कंपनीस मुख्य इमारतीबाहेर तंबूंत बसविण्यांत आलें, आणि पावसाचें पाणी तंबूंतून त्यांच्या नव्या यंत्रांवर गळत होतें. ज्या धंद्याची उलाढाल वर्षानुवर्षें वाढत होती, त्यास हा अपमान सहन होण्यासारखा नव्हता.

दुसरेंहि एक कारण होतें. १९९३ सालीं अमेरिकेच्या सिनेटमध्यें खेळांतील हिंसेविषयीं सुनावणी झाली. सरकारनें बंधनें घालण्यापूर्वीं आपणच आपल्यास नियम घालून घ्यावे, अशा विचारानें कंपन्यांनीं १९९४ सालीं एक संघ स्थापन केला. त्याचें नांव इंटरॅक्टिव्ह डिजिटल सॉफ्टवेअर असोसिएशन. २००३ पासून तोच एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशन या नांवानें ओळखला जातो. कोणता खेळ कोणत्या वयास योग्य, हें वेष्टनावर छापण्याची पद्धति याच सुमारास सुरू झाली. एकमेकांच्या उरावर बसणारे प्रतिस्पर्धी असे एका छपराखालीं आले, आणि या संघाच्या आश्रयानें ११ ते १३ मे १९९५ या तीन दिवशीं लॉस एंजेलिस येथें पहिलें 'इलेक्ट्रॉनिक एंटरटेनमेंट एक्स्पो' भरलें. या तीन शब्दांच्या तीन 'ई' अक्षरध्वनींवरून त्यास ई-थ्री हें सुटसुटीत नांव पडलें. चाळीस हजारांहून अधिक लोक त्यास आले.

पहिल्याच दिवशीं घडलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सेगा कंपनीनें जाहीर केलें कीं, तिचें 'सॅटर्न' हें नवें यंत्र सप्टेंबरऐवजीं आजच निवडक दुकानांत आलें असून त्याची किंमत ३९९ डॉलर आहे. त्यानंतर सोनी कंपनीचे स्टीव्ह रेस यांची पाळी आली. ते व्यासपीठावर गेले, '२९९' एवढा एकच आंकडा उच्चारला, आणि खालीं उतरले. तो आंकडा सोनीच्या 'प्लेस्टेशन' या यंत्राच्या किंमतीचा होता. सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे ज्या दुकानदारांस सॅटर्नचा माल मिळाला नव्हता ते सेगावर रुष्ट झाले. पुढें बाजारांत प्लेस्टेशननें सॅटर्नला फार मागें टाकिलें. विकणारा, घेणारा व वार्ता नेणारा हे तिघे एका ठिकाणीं असले म्हणजे एका शब्दाचें वजन किती वाढतें, हें यावरून समजेल.

भरभराट आणि पहिलें दुखणें

१९९७ व १९९८ हीं दोन वर्षें अटलांटा येथें काढून प्रदर्शन १९९९ सालीं पुन्हां लॉस एंजेलिसला आलें, व तेथेंच स्थिरावलें. तें मे किंवा जून महिन्यांत भरविण्यांत व्यापारी हिशेब होता. नाताळच्या दिवसांत अमेरिकेंत खेळांची सर्वांत अधिक विक्री होते. त्यासाठीं कोणता माल किती मागवावयाचा हें दुकानदारांस उन्हाळ्यांतच ठरवावें लागे. आपल्याकडे दिवाळीचा माल श्रावणांतच ठरतो, तसाच हा प्रकार होय.

२००५ सालीं सुमारें सत्तर हजार लोक आले. परंतु भरभराटीबरोबर खर्चहि वाढला. प्रत्येक कंपनीस शेजारणीपेक्षां मोठा देखावा हवा होता. तीन दिवसांच्या मांडवासाठीं लक्षावधी डॉलर जात, आणि सर्व बाजूंनीं इतका गोंगाट होई कीं, शांतपणें व्यवहाराचें बोलणें कठीण पडे. शिवाय प्रदर्शन व्यापाऱ्यांसाठीं असतांहि हौशी मंडळी कोणत्या ना कोणत्या ओळखीनें आंत शिरत. मोठ्या कंपन्यांनीं कुरकुर केली, आणि ३१ जुलै २००६ रोजीं संघानें प्रदर्शन लहान करण्याचें जाहीर केलें. २००७ सालीं सांता मोनिका येथें केवळ निमंत्रितांसाठीं तें भरलें, तेव्हां सुमारें दहा हजार लोक होते. २००८ सालीं लॉस एंजेलिस येथें सुमारें पांच हजारच. त्या प्रशस्त दालनांत तें इतकें सुनें दिसूं लागलें कीं, ज्यांनीं गर्दीबद्दल तक्रार केली होती तेच आतां शुकशुकाटाबद्दल तक्रार करूं लागले. २००९ सालीं जुना थाट परत आणला गेला व एकेचाळीस हजार लोक जमले. दुखणें बरें झालें असें सर्वांस वाटलें. पण तो वरवरचा उतार होता. मूळ रोग निराळाच होता, आणि त्याचा मांडवाच्या आकाराशीं फारसा संबंध नव्हता.

ऱ्हासाचीं कारणें

आतां मघांच्या तीन पायांकडे वळूं.

पहिला पाय दुकानदाराचा. २००३ सालीं व्हॅल्व्ह कंपनीनें 'स्टीम' नांवाची व्यवस्था सुरू केली. ती पुढें वाढून खेळ इंटरनेटवरूनच घरच्या संगणकांत उतरवून घेण्याची मोठी बाजारपेठ झाली. २००८ सालीं ॲपल कंपनीचें मोबाईलवरील दुकान उघडलें. मोठीं खेळयंत्रेंहि त्याच मार्गानें गेलीं. डब्यांत घातलेला खेळ मागें पडूं लागला, तसतशी उन्हाळ्यांत मागणी नोंदविणाऱ्या व्यापाऱ्याची गरज कमी झाली. ज्याच्यासाठीं मांडव घातला होता तो पाहुणाच येईनासा झाला, म्हणावयाचा.

दुसरा पाय बातमीदाराचा. पूर्वीं प्रदर्शनांतील वार्ता मासिकांतून कांहीं आठवड्यांनीं वाचकांपर्यंत पोहोंचे. २००५ सालीं यूट्यूब व २०११ सालीं ट्विच सुरू झालें. आतां लॉस एंजेलिसच्या व्यासपीठावर उच्चारलेला शब्द त्याच क्षणीं डोंबिवलींतील मुलाच्या हातांतील पडद्यावर ऐकूं येऊं लागला. वार्ता नेणाऱ्या मध्यस्थाशिवाय वार्ता जाऊं लागली.

तिसरा पाय स्वतः निर्मात्याचा, आणि तो निखळला तेव्हां मात्र मांडव सावरणें अशक्य झालें. निंटेंडो कंपनीनें २०११ च्या ऑक्टोबरमध्यें 'निंटेंडो डायरेक्ट' नांवाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांत कंपनीचीं माणसें आपले नवे खेळ इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकांस दाखवीत. २०१३ सालीं निंटेंडोनें ई-थ्रीमधील आपली मोठी सभा सोडून दिली व तिच्या जागीं असाच कार्यक्रम दाखविला; प्रदर्शनांत तिचा मांडव मात्र राहिला. २०१६ सालीं इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी मुख्य दालनांतून निघून जवळच स्वतःचा वेगळा सोहळा करूं लागली. २०१९ सालीं सोनी, म्हणजे पहिल्या वर्षीं '२९९' म्हणून टाळ्या मिळविणारी तीच कंपनी, प्रदर्शनास आली नाहीं. आपला माल आपल्या सवडीनें, आपल्या दारीं, आपल्याच खर्चांत दाखवितां येत असतांना प्रतिस्पर्ध्याच्या शेजारीं उभें राहून ओरडावें कशास, असा हा साधा हिशेब होता.

संघानेंहि उपाय केले नाहींत असें नाहीं. २०१७ सालीं प्रथमच सामान्य लोकांसाठीं पंधरा हजार तिकिटें काढण्यांत आलीं. त्यामुळें गर्दी टिकली. २०१९ सालीं ६६,१०० लोक आले. ही संख्या पाहा. २००५ च्या भरभराटीच्या वर्षापेक्षां ती थोडीच कमी आहे, आणि तरीहि लॉस एंजेलिसच्या दालनांत भरलेलें तें शेवटचेंच ई-थ्री ठरलें. दारावर दाटी होती. परंतु आंत ज्यांनीं असावयाचें तेच एकेक करून निघून चालले होते. मंडळाचे, संस्थेचे किंवा बाजाराचे आरोग्य केवळ डोकीं मोजून कळत नाहीं, हा या इतिहासांतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग आहे.

अखेर

याच २०१९ सालीं आणखी एक आघात झाला. प्रदर्शनास आलेल्या दोन हजारांहून अधिक बातमीदार इत्यादिकांचे पत्ते व दूरध्वनि-क्रमांक असलेली यादी संघाच्या संकेतस्थळावर कोणासहि मिळेल अशी उघडी राहिली होती, हें ऑगस्टमध्यें उघडकीस आलें. ज्यांनीं वार्ता न्यावयाची त्यांचाच विश्वास डळमळला. २०२० च्या आरंभीं सोनीनें पुन्हां नकार कळविला, आणि अनेक वर्षें या प्रदर्शनाशीं निगडित असलेले निवेदक जेफ कीली यांनींहि आपण भाग घेणार नसल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं कीली यांनीं 'समर गेम फेस्ट' हा निराळा उपक्रम सुरू केला. मार्चमध्यें कोरोनाच्या सांथीमुळें प्रदर्शन रद्द झालें. २०२१ सालीं तें केवळ इंटरनेटवर झालें. २०२२ सालीं झालेंच नाहीं. २०२३ च्या जूनसाठीं मोठ्या थाटानें घोषणा झाली. परंतु सोनी, मायक्रोसॉफ्ट व निंटेंडो या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे मांडव त्यांत असणार नव्हते. मग युबिसॉफ्टहि मागें सरली, आणि ३० मार्च २०२३ रोजीं तेंहि रद्द झालें. अखेर १२ डिसेंबर २०२३ रोजीं संघानें जाहीर केलें कीं, ई-थ्री आतां कायमचें बंद होत आहे.

पुष्कळ लोक सांथीस दोष देतात. तो अर्धाच खरा आहे. ज्या झाडाचीं मुळें शाबूत असतात तें वादळानंतर पुन्हां पालवतें. जर्मनींतील कोलोन शहरीं २००९ पासून भरणारें 'गेम्सकॉम' सांथीनंतर पुन्हां उभें राहिलें, व २०२४ सालीं त्यास तीन लक्षांहून अधिक लोक आले. जपानांत १९९६ पासून भरणारा 'टोकियो गेम शो' हाहि सांथींतून तरून निघाला. हीं दोन्ही प्रदर्शनें व्यापाऱ्यांबरोबरच प्रथमपासून सामान्य खेळणाऱ्या लोकांसाठींहि होतीं. ई-थ्रीनें मात्र बावीस वर्षें सामान्य माणसास दाराबाहेर ठेविलें, आणि दार उघडलें तें आंतले निघूं लागल्यावर.

कल्याणची साक्ष

ही कथा वाचतांना मला आपल्या कल्याणचा फार जुना इतिहास आठवला. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तांबड्या समुद्रांतून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीं एका ग्रीक भाषिकानें मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. त्यास 'पेरिप्लस' म्हणतात. त्यांत कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वींच्या एका राजाच्या काळीं तें रीतसर व्यापारी बंदर झालें होतें; पुढें सत्ता पालटली आणि तेथें इतके अडथळे आले कीं, तेथें उतरूं पाहणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्याखालीं भडोचकडे नेलीं जाण्याचा संभव असे, असें तो लेखक सांगतो. कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कोरलेलीं आजहि आढळतात. म्हणजे हें नगर केवढें संपन्न होतें याची साक्ष दगडांत आहे.

ते अडथळे आले तेव्हां कापड व मसाले विकत घेणें जगानें थांबविलें नव्हतें. माल तसाच होता, गिऱ्हाईकहि तसेंच होतें. फक्त वाट वळविली गेली. पुढें कित्येक शतकांनीं १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली, १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत आली, आणि वाट पुन्हां कल्याणवरून जाऊं लागली. ई-थ्रीचेंहि असेंच झालें. तें बंद झालें म्हणून व्हिडिओ गेमचा धंदा खालावला असें कोणी समजूं नये. धंदा वाढला, परंतु त्याची वाट त्या दालनावरून जाईनाशी झाली.

गेलें काय आणि उरलें काय

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे येतों. बनविलेला खेळ दाखवावयाचा कोठें?

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, लॉस एंजेलिसच्या त्या मांडवाचें दार डोंबिवलीच्या मुलास सहजासहजीं उघडें नव्हतेंच. प्रवासाचा खर्च, परवाना, आणि धंद्यांतील ओळखपत्र, हीं तिन्ही हातीं असल्याशिवाय तेथें पाऊल ठेवणें कठीण होतें. उलट, ज्या नव्या पद्धतीनें त्या प्रदर्शनाचा अंत केला तिचा लाभ आपल्याच प्रांतांतील लोकांस झाल्याचें उदाहरण आहे. पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेनें 'राजी' नांवाचा खेळ बनविला. प्राचीन भारतांत आपल्या हरवलेल्या भावास शोधणाऱ्या एका मुलीची ती कथा आहे. २०१७ सालीं त्यासाठीं इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, तेव्हां ठरविलेली रक्कम जमली नाहीं. पण त्या मंडळींनीं काम सोडलें नाहीं. १८ ऑगस्ट २०२० रोजीं निंटेंडोनें लहान निर्मात्यांसाठीं केलेल्या इंटरनेटवरील कार्यक्रमांत 'राजी' जगास दाखविण्यांत आला, आणि त्याच दिवशीं तो विक्रीस आला. त्याच वर्षाच्या 'द गेम अवॉर्ड्स' या पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांत त्याचें नामांकन झालें. ज्या उन्हाळ्यांत ई-थ्री भरलें नाहीं त्याच उन्हाळ्याच्या शेवटीं पुण्याचा खेळ जगभर गेला, हें विसरतां येणार नाहीं.

तरीसुद्धां कांहीं गमावलें आहे, व तें लहानांनींच अधिक गमावलें आहे. कंपनीचा कार्यक्रम म्हणजे कंपनीचें घर. तेथें कोणास बोलवावयाचें हें घरधनी ठरवितो. जत्रेंत तसें नसतें. तेथें मोठ्याच्या मांडवाकडे निघालेला माणूस वाटेंत लहानाच्या टेबलापाशीं थबकतो. २०१४ च्या ई-थ्रीमध्यें सोनीच्या व्यासपीठावर इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील 'हॅलो गेम्स' या मूठभर माणसांच्या संस्थेचा 'नो मॅन्स स्काय' हा खेळ दाखविला गेला, आणि बलाढ्य कंपन्यांच्या खेळांच्या बरोबरीनें त्याची चर्चा झाली. २०१६ सालीं तो बाहेर आला तेव्हां अपेक्षा इतक्या वाढल्या होत्या कीं त्यावर फार टीका झाली, आणि पुढें अनेक वर्षें सुधारणा करून त्या मंडळींनीं लोकांचा विश्वास परत मिळविला. मोठ्या गर्दीपुढें उभें राहण्याचा लाभ व धोका हे दोन्ही या एका उदाहरणांत दिसतात.

आतां तर खेळांची संख्या इतकी वाढली आहे कीं, २०२३ या एका वर्षांत स्टीमवर चौदा हजारांहून अधिक नवे खेळ आले. दार सर्वांस उघडें आहे. पण आंत गेल्यावर कोणी आपल्याकडे वळून पाहील याची शाश्वती नाहीं. आपल्या देशांतहि अशा मेळ्यांचे प्रयत्न चालू आहेत. नॅसकॉम या संस्थेची खेळनिर्मात्यांची परिषद २०१४ सालीं पुण्यांत भरली होती. पुढें ती हैदराबादेस गेली. २०२५ च्या मे महिन्यांत मुंबईंत केंद्र सरकारनें भरविलेल्या 'वेव्हज' या चार दिवसांच्या परिषदेंत चित्रपटांबरोबर व्हिडिओ गेमसहि स्थान होतें. ठाण्याहून मुंबई दूर नाहीं. अशा ठिकाणीं आपल्या विद्यार्थ्यांनीं अवश्य जावें, आणि केवळ मोठ्या पडद्यांपुढें उभें न राहतां कोपऱ्यांतील टेबलांपाशींहि जावें.

मला मिळालेलें उत्तर

एवढी माहिती जमवून मीं त्या विद्यार्थ्यास बोलाविलें, व प्रथम गाडींतील माझें बोलणें परत घेतलें. नंतर त्यास म्हणालों, "लॉस एंजेलिस राहू दे. आपल्या शाळेचं विज्ञान-प्रदर्शन आहे, तिथं आण."

त्यानें व त्याच्या दोन मित्रांनीं मिळून एक लहानसा खेळ केला होता. सकाळच्या गर्दींत डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून जेवणाचा डबा न सांडतां गाडीपर्यंत पोहोंचावयाचें, असा तो खेळ. तिघांसहि तो अगदीं सोपा वाटत होता. पहिल्याच दिवशीं पांचवींतील एक मुलगी खुर्चीवर बसली, आणि पुलाच्या पहिल्या पायरीपाशींच अडली. कोणती कळ दाबावी हें तिला कळेना. आमचा विद्यार्थी सांगावयास पुढें वांकला. मीं त्याचा खांदा धरून त्यास थांबविलें. "सांगू नकोस, बघ," मीं म्हणालों. ती चार वेळां पडली, पांचव्या वेळीं कंटाळली, आणि शेजारच्या ज्वालामुखीच्या प्रतिकृतीकडे निघून गेली. त्याचा चेहरा उतरला. पण सायंकाळीं त्यानें मला आपली वही दाखविली. दिवसभरांत खेळलेल्या प्रत्येकाचा हात कोठें अडखळला, डोळे कोठें गेले, कोण कोठें हंसला, हें सर्व त्यांत लिहून ठेवलें होतें. रात्रीं त्यांनीं पहिली पायरी बदलली. दुसऱ्या दिवशीं त्याच मुलीस तो आग्रहानें घेऊन आला, आणि ती डबा न सांडतां गाडींत चढली.

मित्रहो, प्रदर्शनाचा उपयोग मला त्या दिवशीं खरा समजला. माल विकण्याचीं साधनें बदलतील, जुने मांडव उठतील, नवे पडतील. परंतु आपण केलेली वस्तु अनोळखी माणसाच्या हातांत देऊन त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभें राहणें, हें शिक्षण घरबसल्या मिळत नाहीं. ज्यांस कांहीं बनवावयाचें आहे, मग तो खेळ असो, यंत्र असो वा कविता असो, त्यांनीं आपलें काम पुरें झालें असें वाटतांच तें पेटींत न ठेवतां चार लोकांपुढें मांडावें, आणि ते लोक चुकत असतांना थोडा वेळ गप्प राहावें.

असो. त्या विद्यार्थ्याची वही अद्याप भरली नाहीं. पुढील विज्ञान-प्रदर्शनांत त्याच्या टेबलापाशीं आपण सर्वांनीं अवश्य थांबावें.